झाकण थंड होईपर्यंत

एकतीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली,
नागपूर–काटोल, काटोल–नागपूर,
आणि एकदाही वाकून चाक पाहिलं नाही.
ते ड्रायव्हरचं खातं.
माझं खातं सुट्टे पैसे.

आता ब्याण्णव सालचा ट्रॅक्टर माझ्या नावावर आहे.
झिंगुजी बोरकुट्यांनी किल्ली दिली, पेढा दिला,
आणि बोनेटवरची धूळ स्वतःच्या दुपट्ट्याने पुसली,
विकून झाल्यावर.
मडगार्डवर पांढऱ्या रंगात ‘कु. वैजू’ लिहिलेलं.
ते मी तसंच ठेवलं.

पहिल्याच फेरीत, कळमेश्वरच्या अलीकडे,
मे महिना, पारा पंचेचाळीसवर,
काटा लाल पट्टीत गेला.
मी उतरले, बोनेट उघडलं, हात झाकणाकडे नेला –
“ओ बाई! हात काढा तेथून!
गरम हाये तोवर झाकन खोलू नोका,
तोंड भाजून घेसान!”

ताराचंद रामटेके, टायरवाला.
एक पाय चपलेत, दुसरी चपल हातात,
इतका धावत आलेला.
त्याने मला कडुनिंबाखाली बसवलं. अर्धा तास.
एसटीत अर्धा तास उशीर म्हणजे
पन्नास माणसांच्या शिव्या.
इथे शिव्या द्यायला कोणी नव्हतं.
इंजिन आतल्या आत टिक टिक करत निवत होतं
आणि मला डबल बेल मारता येत नव्हती.

मग त्याने झाकणावर फडकं टाकलं,
पाव आटा फिरवलं, थांबला.
उरलीसुरली वाफ सुस्कारली.
मग पुरतं काढलं.

आतलं पाणी गढूळ नव्हतं, गंजलेलं होतं,
जुन्या टपालपेटीच्या रंगाचं.
“विहिरीचं हाये. खाराचं.
चहाच्या गंजाच्या बुडाले पापुद्रा धरते ना,
तसाच याच्या पोटात.”
खालची तोटी सोडली. तीन बादल्या साधं पाणी फिरवलं,
चौथी स्वच्छ आली.
मग निम्मं कुलंट, निम्मं बॅटरीचं पाणी,
पोपटी, खोकल्याच्या औषधासारखं.
“गोड असते. कुत्र्यापासून दूर ठेवजा,
चाटलं का मेलं.
अन् काठोकाठ भरू नोका, दोन बोटं जागा सोडजा,
तापलं का ते फुगते.”
जाळीत गव्हाचा भुसा गच्च बसला होता.
पाणी आतून बाहेर मारायचं.
बाहेरून मारलं तर कचरा आणखी आत.

टायरचं मात्र मी चुकत शिकले.
मागच्या दोन्हीत तीस हवा भरली,
कमी नको म्हणून.
ढेकळांवरून ट्रॅक्टर असा उडाला
की माझा डबा सीटवरून थेट तासात.
नक्षी फक्त मधोमध घासू लागली.
आता शेतात बारा,
ट्रॉली घेऊन डांबरावर जाताना थोडी जास्त,
पुढच्या चाकांना सव्वीस.
आणि मोजायची पहाटे, चाकं थंड असताना.

उजव्या मागच्या टायरला बारीक भेगा आहेत,
वर्षानुवर्षं उन्हात उभं राहिल्याच्या.
आता तो चिंचेखाली असतो.
सावली सरकली की मी उठते, त्याला सरकवते,
शेजारची सुलभा हसते.
रविवारी पक्कड घेऊन बाभळीचे काटे उपटते,
आतवर गेलेला काटा मात्र उपटत नाही,
खडूने गोल करून ताराचंदकडे नेते.
व्हॉल्व्हची एक टोपी हरवली.
तिथे सायकलची लावली. निळी.

काल झिंगुजी आले.
चहा नंतर, म्हणाले.
झाकण आधी तळव्याने चाचपलं, थंड होतं, मग उघडलं.
आतला पोपटी रंग बराच वेळ पाहिला.
“आमी तं विहिरीचंच…”
आणि झाकण लावून टाकलं, दोनदा दाबून.

मी हवा मोजायचं गेज त्यांच्या हातात दिलं.
चष्मा आणला नव्हता.
हात लांब करून, डोळे बारीक करून वाचलं:
“बारा.”
मग निळी टोपी परत बसवली
आणि मी न सांगता
पलीकडच्या चाकाकडे गेले.